लाट तीन दिवसांपूर्वीच निघालेली असते

दर पावसाळ्यात मुंबईच्या वृत्तवाहिन्यांवर 'आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार' अशी पट्टी झळकते आणि हौशी मंडळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी गर्दी करतात. वास्तविक तो आकडा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, लाटेच्या उंचीचा नव्हे. भरती चंद्र-सूर्याच्या आकर्षणामुळे येते, तिचे वेळापत्रक कित्येक वर्षे आधी मांडता येते. लाट वाऱ्यामुळे उठते आणि तिचा हिशेब अगदी वेगळा असतो. हा वेगळेपणा मला सर्वांत स्पष्टपणे समजला तो शिडाच्या फळीवरून लाटेवर स्वार होण्याची, म्हणजे विंडसर्फिंगची, एक स्पर्धा पाहताना. हवाईतील माउई बेटावर होणारी 'अलोहा क्लासिक' ही ती स्पर्धा. तिथे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो, त्यामुळे थेट प्रक्षेपण पाहायचे तर झोपेवर पाणी सोडावे लागते; आणि पुष्कळदा रात्री एक वाजता डोळे ताणून बसल्यावर 'आज स्पर्धा नाही, उद्या पुन्हा पाहू' एवढीच घोषणा ऐकायला मिळते. ही घोषणा का होते, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. फळीवर शीड उभारण्याची कल्पना न्यूमन डार्बी या अमेरिकन कारागिराने 1964 साली प्रत्यक्षात आणली. पुढे कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी सर्व दिशांना झुकणारे शीड जोडलेल्या फळीसाठी 1968 साली पेटंटचा अर्ज केला. हा प्रकार तेव्हा शांत पाण्यावरचा मानला जात असे. तो लाटांवर नेला हवाईच्या तरुणांनी. ओआहू बेटावरील कैलुआ येथे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फळीला पाय अडकवण्याचे पट्टे बसवले गेले, त्यामुळे फळी हवेत उडाली तरी पायांपासून सुटेना. त्याच कैलुआच्या रॉबी नॅशने 1976 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, या खेळाचे जगज्जेतेपद मिळवले होते. त्याच दशकाच्या अखेरीस माइक वॉल्ट्झ माउईच्या उत्तर किनाऱ्यावरील होओकिपा येथे शीड घेऊन लाटांत शिरला, आणि ऐंशीच्या दशकात तिथेच ही स्पर्धा उभी राहिली. व्यावसायिक विश्वमालिकेतील लाटांवरच्या प्रकाराचे विजेतेपद अनेकदा याच पुळणीवर, मोसमाच्या अखेरच्या स्पर्धेत ठरले आहे. ती दरवर्षी अखंडपणे झालेली नाही, आयोजक आणि नियमही बदलत गेले, परंतु जागा मात्र बदलली नाही. त्याचे कारण या जागेच्या भूगोलात आहे.

होओकिपाला जी लाट फुटते ती तिथल्या वाऱ्याने उठवलेली नसते. हिवाळ्याच्या सुमारास उत्तर पॅसिफिकमध्ये, अल्युशियन बेटांच्या आसपास, मोठी वादळे घोंघावतात. वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर लाटेची वाढ अवलंबून असते. वादळाच्या पोटात समुद्र नुसता खवळलेला असतो, लहानमोठ्या लाटांची खिचडी झालेली असते. तेथून बाहेर पडल्यावर मात्र या लाटा आपोआप निवडल्या जातात, कारण खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकाळावर, म्हणजे दोन शिखरांमधल्या सेकंदांवर, ठरतो. सेकंदांना 1.56 ने गुणले की शिखराचा वेग मीटर प्रति सेकंदात मिळतो. 16 सेकंदांच्या लाटेचे शिखर सुमारे 25 मीटर प्रति सेकंद वेगाने जाते आणि दोन शिखरांत जवळजवळ 400 मीटर अंतर असते. अशी लाट भर समुद्रात जहाजाखालून गेली तरी डोळ्यांना ती एखाद्या मंद उताराएवढीच भासते.

येथे एक गंमत आहे, आणि ती समजायला मला स्वतःला बराच काळ लागला. शिखर 25 मीटर प्रति सेकंद वेगाने जात असले तरी लाटांचा समूह, आणि त्यासोबत ऊर्जा, त्याच्या बरोबर निम्म्या वेगाने पुढे सरकते. समूहातल्या एकाच शिखरावर नजर खिळवली तर ते मागच्या टोकाला जन्मते, इतरांना मागे टाकत पुढच्या टोकाला पोहोचते आणि तिथे विरून जाते. त्याच वेळी मागे नवे शिखर उभे राहिलेले असते. पाणी स्वतः कुठेही प्रवासाला निघत नाही, ते जागच्या जागी वर्तुळात फिरते. म्हणून हिशेब समूहाच्या वेगाने करायचा. 16 सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी 45 किलोमीटरने येतो. वादळ 3,500 किलोमीटरवर असेल तर त्याला 78 तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. त्याच वादळातून त्याच क्षणी निघालेल्या 12 सेकंदांच्या लाटा आणखी सुमारे 26 तासांनी पोहोचतात. किनाऱ्यावरच्या माणसाला म्हणून आधी लांब आवर्तकाळाच्या लाटा दिसतात आणि मग दिवसागणिक आवर्तकाळ घटत जातो. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी 1963 साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापनकेंद्रांची साखळी उभारून दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटा पार उत्तरेपर्यंत पोहोचतात हे मोजून दाखवले. आज कौआई बेटाच्या वायव्येला नांगरलेला बोया, म्हणजे तरंगते मापनयंत्र, मोठ्या आवर्तकाळाची नोंद करू लागला की माउईच्या आयोजकांना अर्ध्या दिवसाहून अधिक आधी चाहूल लागते.

प्रत्येक सातवी लाट मोठी असते, असा समज दर्यावर्दी लोकांत जगभर आढळतो. सात या अंकात काही जादू नाही. 15 आणि 16 सेकंदांच्या लाटा एकत्र आल्या तर कधी त्यांची शिखरे जुळतात आणि कधी एकीचे शिखर दुसरीच्या खळग्यावर येते. हे जुळणे दर 240 सेकंदांनी, म्हणजे पंधरा-सोळा लाटांनी घडते. प्रत्यक्षात अनेक आवर्तकाळ मिसळलेले असल्याने हे अंतर बदलत राहते. 20 मिनिटांची फेरी धरली तर स्पर्धकाच्या वाट्याला मोठ्या लाटांचे असे पाच-सहा जथेच येतात, आणि त्यांतील सर्वोत्तम स्वाऱ्यांनाच गुण मिळतात.

पाण्याची खोली तरंगलांबीच्या, म्हणजे दोन शिखरांमधल्या अंतराच्या, निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. वेग घटतो, पाठोपाठची शिखरे जवळ येतात, लाट उंचावते, आणि तिची उंची खोलीच्या सुमारे 0.78 पट झाली की ती फुटते. तीन मीटर पाण्यात तिचा वेग जेमतेम साडेपाच मीटर प्रति सेकंद उरतो. मुंबईसमोर सागरमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, जवळजवळ 300 किलोमीटर रुंद आहे, तिथल्या उथळ तळावरून येताना लांब लाटेची बरीच ऊर्जा घर्षणात जिरते. हवाई बेटे मात्र हजारो मीटर खोल तळातून एकदम वर आलेल्या ज्वालामुखींची आहेत, म्हणून लाट जवळजवळ पूर्ण बळानिशी खडकावर येते. शेजारचे मोलोकाई बेट पश्चिमेकडच्या लाटा अडवते, त्यामुळे दिशा काही अंशांनी चुकली तरी मोठ्या वादळाची लाट होओकिपाला निम्मीअधिक हुकते.

आता वाऱ्याकडे वळू. ईशान्येचा व्यापारी वारा समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास येथे उजव्या हाताने येतो. तो आडवा असल्यामुळेच स्वाराला लाटेच्या उतारावरून वाऱ्याच्या दिशेने घसरत जाता येते, आणि वळताना शीड आधारापुरतेच उरते. 3,055 मीटर उंचीच्या हालेआकाला पर्वताला वळसा घालताना हा वारा आणखी जोर धरतो. परंतु हा वारा उन्हाळ्यात भरवशाचा असतो, आणि मोठ्या लाटा हिवाळ्यात येतात; शिवाय हिवाळ्यात वादळे दक्षिणेकडे सरकली की व्यापारी वारा पडतो. लाटा आहेत तेव्हा वारा नाही, वारा आहे तेव्हा लाटा नाहीत. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा दोन ऋतूंचा सांधा आहे. म्हणूनच स्पर्धेला ठरावीक तारीख नसून सुमारे दोन आठवड्यांची मुदत असते, आणि रात्री एक वाजता मला ती निराशाजनक घोषणा ऐकावी लागते.

लाट आणि वारा जुळले तरी खडकाची ओळख वेगळी लागतेच. लाट चुकली तर फेसाळ पाणी स्वाराला वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या काळ्या खडकांकडे ढकलते, आणि तिथे शिडाचा खांब काडीसारखा मोडतो. 2014 साली माउईचाच मॉर्गन न्वारो पात्रता फेरीतून वर येऊन ही स्पर्धा जिंकला, त्या वर्षीचे जगज्जेतेपद फ्रान्सच्या तॉमा त्राव्हेर्साकडे गेले असतानाही. दोन वर्षांनी, 2016 साली, केव्हिन प्रिचर्डने वयाच्या चाळिशीत ती जिंकली. तोही बरीच वर्षे माउईतच राहणारा होता, आणि कोणत्या जथ्यातली कितवी लाट खडकाच्या कोणत्या कोपऱ्यावर आधी फुटेल, हे त्याला दुरूनच कळत असे.