बॉब हेझलचं कार्ड चुकीचं छापलेलं नाही

स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे आणि खेळाडूंच्या कार्डांवर खेळायच्या बेसबॉल खेळाचा १९५७च्या मोसमाचा संच घेणारे ग्राहक मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाची कार्डं चाळताना हमखास एका कार्डापाशी अडतात. हँक एरन, एडी मॅथ्यूजसारखे दिग्गज संघात असताना या बॉब हेझलच्या कार्डावर हिट्सची (बेस गाठून देणाऱ्या फटक्यांची) एवढी गर्दी कशी? छपाईत चूक झाली म्हणून कार्ड बदलून मागायचीही काहींची तयारी असते. कार्ड अगदी बरोबर आहे.

त्या जुलैमध्ये सेंटर फील्डर बिल ब्रूटन जखमी झाला आणि हेझलला खालच्या लीगमधून वर बोलावलं गेलं. उरलेल्या मोसमात तो ४१ सामने खेळला आणि १३४ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधींमध्ये) ५४ हिट मारून गेला. सरासरी, म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, .४०३! १९५४च्या हेझल वादळावरून त्याला ‘हरिकेन’ हे नावच पडलं. पुढच्याच वर्षी त्याला डेट्रॉइट संघाला विकलं आणि मेजर लीग या सर्वोच्च पातळीवरचा त्याचा तो शेवटचा मोसम ठरला.

आता कार्डाचं गणित. पांढऱ्या फाशावर १ ते ३ पडले तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, ४ ते ६ पडले तर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या. म्हणजे निम्म्या वेळा हेझलचं कार्ड बाजूलाच राहतं. पिचरच्या कार्डावरून साधारण .२६० मिळतात असं धरा. मग एकूण .४०३ जुळवायला हेझलच्या कार्डाला एकट्याने .५४६ द्यावे लागतात. म्हणून ते इतकं भरलेलं दिसतं. कुठलंही कार्ड जोखताना आधी ६, ७ आणि ८च्या ओळी बघा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ३६ पैकी १६ वेळा तिथेच येते. २ किंवा १२ मात्र प्रत्येकी एकदाच.

क्रिकेटच्या आकड्यांवर वाढलेल्यांना थोड्याच सामन्यांतल्या एवढ्या मोठ्या सरासरीचं नवल वाटू नये. वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम १९४८ साली एकच कसोटी खेळला, एकाच डावात ११२ धावा केल्या आणि त्याची कसोटी सरासरी कायमची ११२ राहिली.

आमचा आग्रहाचा सल्ला एकच: हेझलला मोसमभर रोज खेळवू नका. कार्डाला फक्त त्या १३४ ॲट-बॅटची माहिती आहे. सहाशे वेळा उभा केलात तर तो सहाशे वेळाही तसाच मारेल, आणि पूर्ण मोसम .४००च्या वर राहणं १९४१च्या टेड विल्यम्सनंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणालाच जमलेलं नाही. खुद्द हेझल १९५७च्याच वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, १३ पैकी २ हिटवर थांबला. मित्रांबरोबर लीग खेळणार असाल तर त्याच्या ॲट-बॅटची मर्यादा पहिल्या सामन्याआधीच ठरवा. १३४ ही संख्या आम्हाला सर्वात न्याय्य वाटते. मग खरी मजा येते: पाचव्या डावात दोन धावपटू बेसवर असताना त्याला आत्ताच उतरवायचं, की नवव्या डावासाठी राखून ठेवायचं?

संचासोबत आम्ही एक कोरी नोंदपत्रिका देतो. मोजणी बॉक्स स्कोअरवर (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यावर) सोडू नका. हेझलच्या नावापुढे प्रत्येक ॲट-बॅटला एक रेघ मारत चला.