हेल्मेटच्या आतला चष्मा

नंबरचा चष्मा लावून मोटारसायकल चालवणाऱ्याला वाटतं, डोळ्यांसमोर काच आहे म्हणजे डोळे सुरक्षित आहेत. पण ताशी ६० किमी वेगात हवेत तरंगणारा चिलटासारखा किडाही सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने येऊन आदळतो. चष्म्याच्या बाजू उघड्या असतात आणि वारा फ्रेमच्या खालून धूळ घेऊनच आत शिरतो. म्हणून कामाची वाटणी सरळ करावी: नीट दिसायला चष्मा, डोळे वाचवायला व्हायझर, म्हणजे हेल्मेटची पुढची पारदर्शक ढाल.

फुल-फेस हेल्मेट वापरत असाल तर चष्म्यासाठी वेगळा खर्च फारसा नाही. भिंगं खऱ्या काचेची नसावीत, एवढं मात्र नक्की. पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक आघात सोसतं. फक्त नंबर मोठा असेल तर कडेला वस्तूंभोवती रंगीत किनार दिसू शकते. ट्रायवेक्स हे दुसरं प्लास्टिकही तितपत चिवट असतं, त्यात ही किनार कमी दिसते, पण ते महाग पडतं. १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची (प्रकाश जास्त वळवणाऱ्या प्लास्टिकची) भिंगं पातळ असतात, मजबुतीसाठी कोणी ती घेत नाही.

बिनव्हायझरचं हाफ हेल्मेट घालणाऱ्यांचं गणित वेगळं. साध्या फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट बसवून भागत नाही. भिंग फुटत नाही, पण धक्क्याने खाचेतून सुटून मागे डोळ्यावर येऊ शकतं. अमेरिकेच्या झेड८७.१ मानकात जास्त आघात सोसणाऱ्या चष्म्यावर ६.३५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारतात. या मानकात बसणाऱ्या नंबरच्या चष्म्याच्या फ्रेमवर ‘झेड८७-२’ (Z87-2) ही खूण असते, आणि भिंगंही त्याच दर्जाची लागतात. कडेला फोम असलेला गॉगल घेतला तर वाराही अडतो. मात्र कानापर्यंत वळलेल्या गॉगलच्या भिंगात मोठा मायनस नंबर बसवला की कडेचं चित्र वेडंवाकडं होतं. अशांनी गॉगलच्या आत बसणारी नंबरची छोटी जोडफ्रेम घ्यावी. रुबाब थोडा कमी होतो, दिसतं चांगलं.

फ्रेम निवडताना हेल्मेट सोबत घेऊनच दुकानात जावं. काड्या सरळ, पातळ आणि चपट्या हव्यात. कानामागे खूप वळलेली काडी हेल्मेटच्या गादीत अडकते आणि चष्मा एका बाजूने वर ढकलला जातो. सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) असणाऱ्यांना हे फार महागात पडतं, कारण त्या नंबराला दिशा असते. सिलिंडर ३ असेल आणि चष्मा ५ अंशांनी कलला, म्हणजे फ्रेमचं एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण १ सेंमी वर गेलं, तर जवळपास अर्ध्या नंबराचा दोष पुन्हा डोळ्यासमोर येतो. रात्री समोरच्या दिव्यांना शेपट्या फुटतात त्या अशा. आधी हेल्मेट, मग चष्मा घाला आणि आरशात फ्रेम आडवी आहे का बघा. नंतर लांबची पाटी हेल्मेटसह आणि हेल्मेट काढून वाचा. फरक वाटला तर काड्या दुकानात गरम करून सरळ करून मिळतात. वाकून चालवायची बाईक असेल तर फ्रेम उंचीला मोठी घ्या, कारण नजर भिंगाच्या वरच्या भागातून जाते आणि बुटकी फ्रेम नेमकी तिथेच संपते.

उन्हात आपोआप गडद होणारी भिंगं बाईकवाल्यांची हमखास निराशा करतात. ती गडद होतात अतिनील किरणांनी, आणि पॉलिकार्बोनेटचा व्हायझर नेमके तेच किरण अडवतो. खात्री करायची तर चष्मा उन्हात धरून एका भिंगावर व्हायझर मिनिटभर आडवा धरा: उघडं भिंग काळं पडेल, झाकलेलं जवळजवळ तसंच राहील. दृश्य प्रकाशानेही गडद होणारे प्रकार मिळतात, पण त्यापेक्षा पारदर्शक भिंगं आणि हेल्मेटमधला खाली ओढायचा गडद व्हायझर बरा. तो चष्म्याला टेकत नाही ना, एवढं आधी तपासा. कायम गडद नंबरचा चष्मा घालून खंबाटकीच्या बोगद्यात शिरलात तर तो काढताही येत नाही आणि त्यातून दिसतही नाही. पोलराइज्ड भिंगांतून व्हायझरवर इंद्रधनुषी डाग दिसतात, काही डिजिटल मीटर काळे पडतात आणि ओल्या रस्त्याची चकाकी झाकली जाते, जी खरं तर दिसायला हवी.

पावसाळ्यात घाटात वाफ धरते ती श्वासामुळे. तोंडाजवळची दमट, कोमट हवा थंड भिंगाला लागली की बाष्पाचे थेंब बनतात. व्हायझरच्या आत बसणारा पिनलॉक, म्हणजे वाफ न धरणारा पारदर्शक पातळ पडदा, फक्त व्हायझर कोरडा ठेवतो, चष्म्याला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी नाकाखालची श्वासपट्टी बसवा, हनुवटीची हवाखिडकी उघडा, व्हायझर एक खाच वर ठेवा आणि सिग्नलला पूर्ण उघडा. पुण्याच्या पद्धतीने नाकावरून बांधलेला स्कार्फ श्वास सरळ भिंगाकडे ढकलतो. तो नाकपुड्यांच्या खाली घ्यावा.

कॉन्टॅक्ट लेन्समुळे काडीचा आणि वाफेचा प्रश्न सुटतो, पण व्हायझर उघडा ठेवला की त्या लवकर कोरड्या पडतात. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, आणि खिशात सुटा चष्मा असावा.

रात्रीसाठी पिवळ्या भिंगांचा मोह टाळा. ती प्रकाश कमीच करतात. लेप नसलेल्या पॉलिकार्बोनेटचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ५ टक्के प्रकाश परत फेकतो. चष्मा आणि व्हायझर मिळून असे चार पृष्ठभाग होतात, म्हणजे जवळपास एक पंचमांश प्रकाश वाटेतच जातो. भिंगांना चकाकीरोधक लेप असला तर त्यातला निम्मा वाचतो. व्हायझरवरची धूळ आधी पाण्याने सोडवावी, मगच मऊ कपड्याने पुसावी. पेट्रोल किंवा थिनर लावला तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि असा व्हायझर बदलावाच लागतो.