आल्फ्रेड सिस्ली

सिस्ली, आल्फ्रेड : (३० ऑक्टोबर १८३९ – २९ जानेवारी १८९९). दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट), म्हणजे बदलता उजेड आणि रंग जसे दिसतात तसे टिपणाऱ्या पंथाचा निसर्गचित्रकार. जन्म पॅरिसचा आणि हयातही बहुतेक फ्रान्समध्येच गेली. पण आईवडील इंग्रज असल्याने कागदोपत्री तो अखेरपर्यंत ब्रिटिशच राहिला. फ्रेंच नागरिकत्वासाठी त्याने खटपट केली, ती तडीस गेली नाही.

वडील व्यापारी. मुलाने धंदा शिकावा म्हणून त्यांनी १८५७ मध्ये त्याला लंडनला धाडले. तिथे त्याला टर्नर आणि कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकारांच्या चित्रांचीच गोडी लागली. परतल्यावर १८६२ मध्ये तो शार्ल ग्लेअरच्या चित्रशाळेत दाखल झाला. मोने, रन्वार आणि बाझीय हे त्याचे तिथले सोबती. ही मंडळी लवकरच चित्रशाळा सोडून पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या रानात उघड्यावर चित्रे काढू लागली. घरून पैसा येत होता तोवर चित्र विकले काय, न विकले काय, सिस्लीचे अडत नव्हते. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वडिलांचा धंदा बुडाला आणि तंगी त्याच्या पाठीशी लागली, ती कायमची.

गंमत अशी, की त्याची सर्वांत प्रसन्न चित्रे याच हलाखीतली आहेत. लूव्हसिएन, मार्ली, सेव्ह्र ही पॅरिसजवळची गावे, सेन नदीचे काठ, बर्फाने झाकलेल्या गल्ल्या हे त्याचे विषय. चित्राची सुरुवात तो आकाशापासून करी; आकाश म्हणजे नुसता मागचा पडदा, हे त्याला मान्य नव्हते. मार्च १८७६ मध्ये सेनला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या पोर-मार्ली गावी जाऊन त्याने एकाच ठिकाणची अनेक चित्रे रंगवली. त्यांपैकी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या चित्रात डावीकडे पाण्यात उभे असलेले दारूविक्याचे फिकट पिवळे-गुलाबी घर आहे, समोर होड्या आहेत. आकांत कुठेच नाही. ढगांतून झिरपणारा उजेड पाण्यावर तुटक, आडव्या फटकाऱ्यांनी उतरवला आहे, आणि क्षणभर हा पूर आहे हेच विसरायला होते. नदीकाठच्या माणसाला हा शांतपणा थोडा खटकेलही. सिस्लीच्या मृत्यूनंतर, १९०० मधल्या लिलावात हे चित्र ४३,००० फ्रँकला गेले.

१८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात तो होता. त्याच वर्षी गायक झाँ-बातिस्त फोर याच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन त्याने हॅम्प्टन कोर्ट परिसरातली टेम्स रंगवली. मोने आणि रन्वार पुढे वेगवेगळ्या वाटा चोखाळत गेले. सिस्ली निसर्गचित्र सोडून फारसा कुठे वळलाच नाही. समीक्षकांनी याला तोचतोपणा म्हटले. उत्तरकाळातल्या काही चित्रांपुरते ते खरेही आहे. पण मोरे-सूर-ल्वँ (मोरे) या गावातल्या चर्चची १८९३-९४ मधली मालिका पाहिली, की तो शेरा घाईचा वाटतो. एकच दगडी भिंत, कधी उन्हात, कधी पावसात.

१८८० पासून तो मोरेच्याच परिसरात राहिला. १८९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर समुद्र रंगवायला गेला असताना कार्डिफला त्याने आपली सहचरी युजेनी हिच्याशी रीतसर लग्न केले. तोवर दोघांचा संसार तीस वर्षांचा झाला होता आणि मुलेही मोठी झालेली. पुढच्याच वर्षी ती वारली. घशाच्या कर्करोगाने १८९९ मध्ये सिस्लीही मोरेतच गेला. त्याच्या मुलांसाठी मोनेने चित्रकार मित्रांकडून चित्रे मागून घेतली आणि त्याच वर्षी लिलाव घडवून आणला.