पपईवरचा बुलबुल: लालबुड्या की शिपाई?

चिपळूणहून आत्याचा फोन आला. "अगं, तुमच्याकडे पपई खायला येतो तोच ना हा, शेपटीखाली लाल असलेला? आमच्याकडेही आलाय बघ." मी विचारलं, "आत्या, शेंडी ताठ उभी आहे का? आणि गाल पांढरा दिसतोय?" ती खिडकीपाशी गेली असावी. थोड्या वेळाने म्हणाली, "हो गं, पांढराशुभ्र." म्हणजे तो आमचा नव्हे. आमच्याकडे पुण्यात कुंपणावर ठेवलेल्या पपईवर रोज येतो तो लालबुड्या बुलबुल. आत्याच्या परसात उतरला होता तो शिपाई बुलबुल.

हा गोंधळ जवळजवळ सगळ्यांचाच होतो, आणि त्याला खरं कारण नावात आहे. 'लालबुड्या' म्हटलं की वाटतं, लाल बूड ही त्याचीच खूण. पण शिपायाचंही बूड लालच असतं. दोघंही साधारण 20 सेंटिमीटरचे, दोघांचं डोकं काळं, दोघंही जोडीने येतात आणि फळावर तुटून पडतात. म्हणून शेपटीखालच्या लाल रंगावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. ओळख डोक्यापासून सुरू करावी.

लालबुड्याचं डोकं सबंध काळं, गळ्यापर्यंत. शेंडी असते, पण आखूड आणि मागे चापून बसवल्यासारखी. बिथरला की तो ती फुलवतो आणि क्षणभर शिपायासारखा भासतो, तेवढ्यावर जाऊ नये. अंग तपकिरी आणि प्रत्येक पिसाची कड फिकट, त्यामुळे पाठीवर आणि छातीवर खवले असल्यासारखं दिसतं. पपई खाऊन उडाला की पाठीमागून बघा: शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकतो आणि शेपटीचं टोकही पांढरं असतं.

शिपायाची शेंडी मात्र काळी, टोकदार आणि कायम उभी. काही जण त्याला नारद बुलबुल म्हणतात ते मला फार आवडतं. गाल पांढरा, आणि डोळ्याच्या मागे कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका. हा ठिपका लांबून दिसतच नाही, पांढरा गाल दिसतो. पोट पांढरं, छातीच्या दोन्ही बाजूंनी गडद पट्टा आत येतो, पाठ सरळ तपकिरी, खवले नाहीत. उडताना पाठीमागे पांढरं काही दिसत नाही. इथे एक खास आपल्याकडची गोष्ट: पश्चिम भारतातल्या शिपायाच्या शेपटीला पांढरी टोकं नसतात, उत्तरेकडच्या शिपायाला असतात. त्यामुळे चित्रात पांढरी टोकं दाखवलेली असली तर आपल्या अंगणातला पक्षी त्याच्याशी जुळत नाही आणि माणूस उगाच बुचकळ्यात पडतो.

आवाजातही फरक आहे. शिपायाची शीळ गोड, तीन-चार सुरांची, काहीतरी विचारल्यासारखी. लालबुड्याही बोलका आहे, पण त्याचा आवाज थोडा जाडसर आणि मांजर दिसलं की त्याची चिडकी टकटक थांबत नाही.

राहण्याच्या जागेचं म्हणाल तर लालबुड्या कुठेही जमवून घेतो. सोलापूर, मराठवाड्याकडच्या कोरड्या माळावर भेटतो तो बहुधा हाच. शिपायाला ओल आणि झाडोरा लागतो. कोकण, महाबळेश्वर, माथेरान हा त्याचा मुलूख, पण मुंबई-पुण्यातही जिथे बाग दाट आहे तिथे तो असतोच. म्हणून "आमच्याकडे शिपाई का येत नाही, पपई तर ठेवतो" असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारते, झुडपं किती आहेत? शिपायाला बोलवायचं असेल तर ताटलीतलं फळ वाढवून उपयोग नाही. करवंद लावा, तुती लावा. आणि कढीपत्ता असेल तर तो छाटून बोडका करू नका. त्याला काळीभोर पिकलेली फळं धरली की दोन्ही बुलबुल त्यावर अक्षरशः रांग लावतात. फळ अख्खं गिळतात, आणि काही दिवसांनी ते ज्या तारेवर बसतात तिच्याखाली कढीपत्त्याची रोपं उगवतात. घाणेरीही अशीच पसरते, म्हणून ती मात्र हौसेने लावू नये.

बुलबुलांना फळ नुसतं आवडतं असं नाही. लालबुड्याचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. पण पिल्लांचं तसं नाही, त्यांना आईबाप मुख्यतः किडे भरवतात. विणीच्या दिवसांत कुंड्यांवर औषध फवारणं म्हणजे एका हाताने पपई देऊन दुसऱ्या हाताने पिल्लांचा घास काढून घेणं आहे. दोघांचीही घरटी छोट्या वाटीसारखी, बरीच खाली, कधी गॅलरीतल्या कुंडीत. बहुधा दोन-तीन अंडी. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. असं पिल्लू दिसलं तर उचलून घरात आणू नका, आईबाप जवळच असतात. मांजर तेवढं लांब ठेवा.

फळ ठेवताना मी पपई किंवा पेरू सालीसकट अर्धा कापून फांदीच्या खुंटीत खोचते. केळं, चिकूही चालतो. पाव, फरसाण, मीठ-मसाला लावलेलं फळ नको, आणि अव्होकॅडो तर अजिबात नको, ते पक्ष्यांना विषारी असतं. सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत उचलायचं. नाहीतर उन्हात आंबतं, मुंग्या लागतात आणि रात्री उंदीर येतात. शेजारी पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवते, तेही रोज घासून.

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1766 साली लालबुड्याचं नाव ठेवताना तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा पक्षी समजून 'कॅफर', म्हणजे त्या भागातला, म्हटलं. तिथे हा पक्षी मुळात नव्हताच, पण नाव तसंच चिकटलं. पुढे माणसांनी त्याला फिजी, हवाई अशा बेटांवर नेऊन सोडलं, आणि तिथे तो फळबागांना इतका डोईजड झाला की जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत जाऊन बसला. शिपाईही असाच सिडनी आणि मॉरिशसला पोचला. इथे मात्र दोघंही आपल्या घरचे आहेत.

परवा आत्याने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हा तिसराच कुणीतरी दिसतोय." करवंदीच्या जाळीत बसलेला, शेंडी अर्धवट, गालावर लाल ठिपका नाही आणि बूड लालऐवजी फिकट केशरी. मी तिला कळवलं, "आत्या, गाल बघ, पांढरा आहे. शिपायाचं पिल्लू आहे ते, ठिपका अजून यायचाय."