वाकेन ओपन एअर

वाकेन ओपन एअर म्हणजे उत्तर जर्मनीत, श्लेसविग-होल्स्टाइन राज्यातल्या वाकेन गावाच्या शेतांत भरणारा हेवी मेटलचा, म्हणजे दणदणीत रॉक संगीताचा फेस्टिवल. गावाची वस्ती जेमतेम दोन हजार, आणि जुलै संपता-संपता किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे ८० हजारांच्या वर पब्लिक तंबू ठोकून बसतं, २०२३ आणि २०२४ ची तिकिटं तर काही तासांतच संपली होती.

सुरुवात १९९० ची. गावातल्याच थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या दोघांनी रेती-खडीच्या जुन्या खाणीत शो लावला, सहाच बँड आणि तेही सगळे जर्मन, लोक आले ८०० च्या आसपास. त्यातल्या स्कायलाइन बँडमध्ये येन्सन स्वतः बेस वाजवायचा. पहिली काही वर्षं तोटाच होता, पण दोघांनी सोडलं नाही.

माझ्या मते वाकेन टिकलं ते गावामुळे. लांब केसवाले, काळे टीशर्ट घातलेले हजारो लोक दारात आले तर कुठलंही गाव बिचकेल, पण इथले लोक अंगणात टेबलं मांडून नाश्ता-कॉफी विकतात, आणि गावच्या अग्निशमन दलाचा ब्रास बँड, वाकेन फायरफायटर्स, हा तर फेस्टिवलचा मानकरीच झालाय, त्यांच्या वाजवण्याने सुरुवात व्हायची परंपरा आहे, मेटलवाले त्यांच्यावरही तेवढेच उड्या मारतात. २००६ च्या ‘फुल मेटल व्हिलेज’ या डॉक्युमेंटरीत गावकरीच मुख्य आहेत.

शेतजमीन असल्यामुळे पाऊस आला की नुसता चिखल. बिअरचे ट्रक मैदानात फिरून जमिनीची वाट लावायचे म्हणून २०१७ मध्ये चक्क बिअरची पाइपलाइन जमिनीखालून टाकली. ‘रेन ऑर शाइन’ (पाऊस असो वा ऊन) हे तिथलं ब्रीद, पण २०२३ ला पाऊस एवढा झाला की गाड्या आत घेणंच थांबवावं लागलं, तिकीट हातात असून हजारो लोक अर्ध्या वाटेवरून परत गेले, त्यांचे पैसे आयोजकांनी परत केले. त्याआधी कोरोनामुळे २०२० आणि २०२१ चे फेस्टिवल झालेच नव्हते.

२००४ पासून मेटल बॅटल ही स्पर्धाही असते, देशोदेशीचे नवे बँड आपापल्या देशात जिंकून इथे वाजवायला येतात. आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन २०१४ मध्ये वाकेनला वाजवून आला, आणि २०१९ ला दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल घेऊन तिथलं पब्लिक नाचवलं.