गुठळीने फुगणारा आकडा: उंदराच्या रक्तातलं व्हीईजीएफ मोजताना

गाठ वाढायची असो की जखम भरायची, ऊतीला नवा रक्तपुरवठा लागतो. केशवाहिन्यांना फुटवे यावेत म्हणून पेशी जी प्रथिनं सोडतात, त्यांतलं मुख्य म्हणजे व्हीईजीएफ. उंदरात त्याचं ठळक रूप १६४ अमिनो आम्लांचं असतं, माणसात १६५. रक्तात ते इतकं थोडं असतं की हिशेब पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात करावा लागतो.

मोजणी होते ती सँडविच एलायझाने. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाला एक अँटिबॉडी चिकटवलेली असते. ती नमुन्यातलं व्हीईजीएफ पकडून ठेवते. धुतल्यावर दुसरी अँटिबॉडी घालायची, जी त्याच रेणूला वेगळ्या जागी धरते आणि सोबत पेरॉक्सिडेज हे विकर आणते. टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की निळा रंग चढतो, आम्ल घातलं की पिवळा होतो. तो ४५० नॅनोमीटरवर वाचायचा.

मात्र घोळ बहुतेकदा प्लेटच्या आधीच झालेला असतो. प्लेटलेटच्या पोटात व्हीईजीएफचा साठा असतो आणि रक्त गोठताना तो बाहेर पडतो. त्यामुळे सीरममधला, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवातला आकडा प्लाझ्मापेक्षा, म्हणजे न गोठवलेल्या रक्ताच्या द्रवापेक्षा चढाच येतो. त्यातला किती गाठीतून आला आणि किती गुठळीतून, हे मग सांगता येत नाही. रक्तात फिरणारं व्हीईजीएफ हवं असेल तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त घ्यावं, लगेच थंड करावं, सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून वरचा प्लाझ्माचा थर उचलावा आणि उरलेले प्लेटलेट बसवण्यासाठी १०,००० जीला (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) १० मिनिटं पुन्हा फिरवावा. रक्त पातळ ठेवणारं दुसरं द्रव्य, हेपरिन, टाळलेलं बरं, कारण १६४चं रूप हेपरिनला चिकटतं. एका गटाचं सीरम आणि दुसऱ्याचा प्लाझ्मा अशी तुलना तर कधीच करू नये.

रक्तही बेताचंच मिळतं. २५ ग्रॅमच्या उंदरात ते जेमतेम २ मिलिलिटर. त्याला जिवंत ठेवून एका वेळी साधारण १० टक्के घेता येतं. २०० मायक्रोलिटर रक्तातून १०० मायक्रोलिटरच्या आसपास प्लाझ्मा हाती लागतो. ५० मायक्रोलिटरचे दोन खळगे भरले की संपला! म्हणून पातळ किती करायचं हे आधी एका फालतू नमुन्यावर ठरवून घ्यावं.

प्रमाणवक्र, म्हणजे माहीत असलेल्या मात्रांवरून रंगाचा आकडा वाचायचा आलेख, ५०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून दर वेळी निम्मा करत ७.८ पर्यंत न्यावा. प्रत्येक पायरीला पिपेटचं टोक (टिप) बदलावं. बिंदूंमधून सरळ रेघ ओढू नये, चार घटकांचा (फोर-पॅरामीटर) एस आकाराचा वक्र बसवावा. धुतल्यावर प्लेट उलटी करून टिपकागदावर जोरात आपटावी, कारण खळग्यात राहिलेला थेंब पुढचं द्रावण पातळ करतो. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर पेरॉक्सिडेज मरतं आणि प्लेट कोरीच राहते.

तयार किट न घेता अँटिबॉडींची स्वतः जुळवणी करताना उंदराचा खास सापळा लक्षात ठेवावा. रंगासाठी उंदीरविरोधी अँटिबॉडी वापरली, तर ती नमुन्यातल्या उंदराच्याच अँटिबॉडींना धरते आणि सगळी प्लेट पिवळी होते. शेळीची किंवा मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची अँटिबॉडी घेऊन बायोटिन-स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनची (एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या दोन रेणूंची) जोडी लावली की हा प्रश्न सुटतो.

ऊतीचा अर्क असेल तर आकडा मिलिलिटरमागे देऊन भागत नाही. त्याच अर्कातलं एकूण प्रथिन मोजून मिलिग्रॅममागे किती पिकोग्रॅम, असं लिहावं. नमुने छोट्या छोट्या भागांत उणे ८० अंशांना ठेवावेत आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये.