ट्रकभर केळी, क्विंटलभर कापूस

रावेरहून निघालेल्या दहा टनी ट्रकात केळी किती?

नववीच्या वर्गात फळ्यावर एवढंच लिहिलं आणि खडू ठेवून दिला. पहिलं उत्तर मागच्या बाकावरून आलं, "लई." दुसरं आलं, "सर, मोजल्याशिवाय कसं सांगणार?" पहिलं उत्तर मला जास्त आवडलं. त्यात निदान अंदाज तरी होता.

अमेरिकेत शाळकरी मुलांची 'सायन्स ऑलिंपियाड' ही स्पर्धा होते. तिच्यात 'फर्मी क्वेश्चन्स' नावाचा एक प्रकार आहे. दोघांची जोडी, कॅल्क्युलेटर नाही, आणि उत्तर म्हणून फक्त दहाचा घात लिहायचा. लाख असेल तर ५, कोटी असेल तर ७. घात बरोबर आला तर ५ गुण, एकाने चुकला तर ३, दोनाने चुकला तर १. म्हणजे खरं उत्तर लाख असताना तुम्ही दहा लाख म्हणालात तरी पदरात काहीतरी पडतं. गणितात इतका उदार परीक्षक दुसरा नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत आम्ही हा खेळ शनिवारी खेळतो.

परत ट्रककडे. एका केळाचं वजन किती? कुणालाच माहीत नव्हतं. मग मी विचारलं, नक्की किती नसेल? ५० ग्रॅमपेक्षा कमी नसेल, ५०० पेक्षा जास्त नसेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं. लगेच एकाने दोन्हींची सरासरी काढली, २७५. इथेच नवखी मुलं हमखास घसरतात. ५० पासून ५०० म्हणजे दहापट. मध्य काढायचा तो बेरजेचा नाही, गुणाकाराचा. दहापटीचे दोन सारखे टप्पे पाडले की एकेक टप्पा साधारण ३.१६ पटीचा होतो, कारण ३.१६ ला ३.१६ ने गुणलं की दहा येतात. ५० ची ३.१६ पट म्हणजे १५८ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी एका मुलीने किराणा दुकानातल्या काट्यावर केळ ठेवून पाहिलं, तर ते दीडशेच्या जवळ भरलं. दहा टन म्हणजे एक कोटी ग्रॅम, भागिले १६०, साठ-बासष्ट हजार. हे झाले सहा गुणिले दहाचा चौथा घात. स्पर्धेत घाताआधीचा आकडा (इथे ६) ५ किंवा जास्त असला की पुढच्या घातात जातो, म्हणून उत्तर ५. लाखभर केळी.

खात्री करायची तर दुसऱ्या वाटेने जायचं. वीस किलोचा घड धरला तर दहा टनांत पाचशे घड. घडाला आठ-नऊ फण्या, फणीला पंधराएक केळी. पुन्हा साठ हजारांच्या पुढेच. दोन वाटा एकाच गावाला पोचल्या की जीव भांड्यात पडतो.

ज्यांच्या नावाचा हा खेळ, ते एन्रिको फर्मी हे इटालियन पदार्थवैज्ञानिक, १९३८ चे नोबेल विजेते. शिकागोत पियानो सुरात लावणारे कारागीर किती, असले प्रश्न ते विद्यार्थ्यांना घालत अशी त्यांची ख्याती. (आमच्या तालुक्यात पियानो असलाच तर मला ठाऊक नाही, म्हणून केळी.) १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली तेव्हा फर्मी सुमारे १६ किलोमीटरवर उभे होते. चाळीसेक सेकंदांनी हवेचा धक्का पोचला. त्यांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले होते, ते अडीचेक मीटर सरकून पडले. त्यावरून त्यांनी स्फोट दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या तोडीचा ठरवला. पुढे मोजमापांतून आकडा आला वीस हजारांच्या थोडा वर. म्हणजे फर्मी जवळपास निम्म्याने चुकले. पण दोन्हींचा घात ४, तेव्हा आमच्या शनिवारी त्यांना पूर्ण ५ गुण मिळाले असते.

तयारी म्हणून काही आकडे पाठ लागतातच. वर्षात सुमारे तीन कोटी सेकंद, पृथ्वीचा घेर चार कोटी मीटर, घनमीटर पाण्याचं वजन एक टन, हवेचं सव्वा किलो. बाकीचं घोडं एककांत अडतं. ग्रॅमचे किलो करायचे राहिले की तीन घात उडाले. मिलियनला कोटी समजलं की एक. मी स्वतः एकदा फळ्यावर घनमीटरात शंभरच लिटर धरले होते, आणि पोरांनी ते आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

त्या साऱ्या प्रश्नांत आमचा लाडका प्रश्न कापसाचा. एक क्विंटल कापसातला तंतू न् तंतू टोकाला टोक लावून मांडला, तर किती मीटर?

वेचणीचे दिवस होते. शाळेमागच्या शेतात एक आजी ओटी बांधून वेचत होत्या. मुलांनी त्यांना विचारलं, दिवसाला बोंडं किती होतात? त्या हसल्या, "मी काय बोंडं मोजस का भाऊ?" पण एक फुटलेलं बोंड मात्र त्यांनी हातावर ठेवलं. आम्ही त्यातून एकच तंतू ओढला आणि तो एका मुलीच्या केसाशेजारी उन्हात धरला. श्वास लागला तरी उडत होता. बराच वेळ पाहून ठरलं, केसाचा पाचवा हिस्सा. केस मिलिमीटरचा सातशतांश धरला, तर तंतूची जाडी ०.०१५ मिलिमीटर. मीटरभर तंतू म्हणजे पाव घन मिलिमीटरच्या आत. तंतू सेल्युलोजचा आणि ते पाण्याच्या दीडपट जड, तेव्हा वजन सुमारे तृतीयांश मिलिग्रॅम. मग किलोभर रुईत तीस लाख मीटर, म्हणजे तीन हजार किलोमीटर. क्विंटलभर कापसातून सरकी गेली की पस्तीसेक किलो रुई उरते. सगळं मिळून एक लाख किलोमीटर. घात ८.

सूतगिरण्या तंतूची बारीकी 'मायक्रोनेअर'मध्ये मोजतात, म्हणजे एका इंचाचं वजन किती मायक्रोग्रॅम. साधारण ४ धरलं तर किलोला सहा हजार किलोमीटरांच्या वर येतात, आमच्या दुप्पट. घात तोच, गुणही तेवढेच. पण मुलांनी पिच्छा सोडला नाही, दुप्पट का? आम्ही तंतू भरीव तारेसारखा धरला होता. तो तसा नसतो. बोंडात असताना ती आत रस भरलेली नळी असते. बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते आणि फितीसारखी पीळ खाते. जाडी दिसते तेवढा माल आत नसतोच. गुण गेले नव्हते, तरी हिशेबातल्या त्या दुपटीने आम्हाला तंतूच्या पोटात नेलं. चंद्र इथून ३,८४,००० किलोमीटर. गिरणीच्या आकड्याने दोन क्विंटल कापूस तिथवर पोचतो. कोरडवाहू एकराचंसुद्धा एवढं पीक निघतं.

चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. त्या ग्रंथांतल्या 'लीलावती'त दहाच्या घातांची नावं ओळीने दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, असं थेट सतरावा घात परार्धापर्यंत. सहलीला गेलो तेव्हा मुलांना ही यादी सांगितली होती, आणि मी विसरून गेलो होतो.

कापसाच्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका तपासताना सगळ्यांचे आकडे होते, ७, ८, कुणाचा ११. केस देणाऱ्या मुलीच्या कागदावर आकडा नव्हता, नुसतं 'अर्बुद' लिहिलं होतं. नियमात बसत नव्हतं. मी बोटांवर मोजून पाहिलं आणि ५ गुण दिले.